राणेसाहेबांचा रस्ता: २६ जानेवारीची भाषणं लिहून देणाऱ्यांना खुलं पत्र

शाळा-शाळांतून २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टची भाषणं लिहून देणारे गुरुजी, बाई, आई-वडील आणि वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता. निम्मी नोकरी घाटरस्त्यांवर गेली. दरड कोसळली की रात्री-बेरात्री गँग घेऊन निघायचं आणि रस्ता मोकळा झाला की एस.टी.वाल्यांच्या शिव्या खात घरी यायचं, असं ते काम. साहित्याशी माझा संबंध मोजमाप पुस्तकापुरता. तेव्हा भाषा कुठे खडबडीत लागली तर सांभाळून घ्या.

यंदाच्या प्रजासत्ताक दिनाला एका शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. (खरे पाहुणे मिळाले नसावेत.) झेंडावंदन झालं, कवायत झाली, मग भाषणं. सहावीतली एक मुलगी परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे यांच्यावर बोलली. आवाज खणखणीत आणि एकही अडखळ नाही. पण मजकूर ऐकून मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो. राणे वाघासारखे तुटून पडले, त्यांनी शेकडो शत्रूंना कंठस्नान घातलं, रक्ताचे पाट वाहिले, वगैरे. टाळ्या भरपूर पडल्या. पहिलं बक्षीसही तिलाच, आणि ते माझ्याच हस्ते.

नंतर लाडू वाटप चाललं होतं तेव्हा तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "बाळ, छान बोललीस. मला एक सांग, राणे तिथं काम काय करायचे?"

"लढायचे."

"हो, पण म्हणजे करायचे काय?"

तिनं हातातला चार घड्या घातलेला कागद उलगडला. मोठ्या माणसाचं वळणदार अक्षर होतं, श्वास घ्यायच्या जागी लाल रेघा मारलेल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं. तिथं उत्तर नव्हतं. पोरीचा काही दोष नाही, म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

राणे रस्ता करत होते. चार दिवस, जखमी अंगानं, मशीनगनच्या माऱ्यात, एक माणूस रस्ता करत होता. त्याला परमवीरचक्र मिळालं ते या कामासाठी. त्यांचं सन्मानपत्र मी कितीदा वाचलं असेल. त्यात त्यांनी स्वतः कुणाला मारल्याचं एक वाक्य नाही. झाडं आहेत, रस्त्याखालची मोरी आहे, भराव आहे, सुरुंग आहेत आणि घड्याळ आहे. आमच्या खात्यातला कुठलाही माणूस ते वाचून म्हणेल की हे तर मस्टर आहे.

आधी माणूस सांगतो, थोडक्यात. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळचं चेंडिया गाव. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे दर काही वर्षांनी बदली आणि नवी शाळा. १९३०च्या आंदोलनाच्या दिवसांत पोरगा त्या वाऱ्यानं भारला, तेव्हा सरकारी नोकरीतल्या बापाच्या पोटात गोळा आला आणि बिऱ्हाड परत गावी हललं. मग १९४०च्या जुलैत, बावीस वर्षांचे असताना, ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. बॉम्बे सॅपर्स म्हणतात ते हेच (सॅपर म्हणजे सैन्यातला रस्ते-पूल-सुरुंगवाला), यांचं ठाणं पुण्यात खडकीला. पुण्याच्या लोकांना खडकी म्हटलं की दारूगोळा कारखाना आठवतो. सैन्याचे रस्ते, पूल आणि सुरुंग यांचं शिक्षण तिथं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, हे फारसं कुणी सांगत नाही.

कारवार आज कर्नाटकात आहे, राणे जन्मले तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. "महाराष्ट्राचे सुपुत्र" की "कर्नाटकाचे सुपुत्र" यावर भाषणातला वेळ घालवू नका, एवढी विनंती. कारवारच्या टागोर किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, २००६ साली उभारलेला. शेजारी 'चपळ' ही नौदलाची जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवलीय. मी गेलो होतो तेव्हा नौकेवर चढायला रांग होती. पुतळ्यापाशी मी, माझी बायको आणि एक चणेवाला.

महायुद्धात राणे ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. आराकानमधून माघार घेताना बुथिडौंगला मागे थांबून, शत्रूच्या हाती लागू नये असं सगळं उद्ध्वस्त करायचं काम त्यांच्या दोन तुकड्यांकडे आलं. काम उरकल्यावर नौदलाच्या जहाजानं परत यायचं ठरलं होतं, ते काही जमलं नाही. मग जपानी गस्त चुकवत, आपल्या बळावर नदी ओलांडून त्यांनी माणसं परत आणली. म्हणजे रस्ता कसा मोडतात ते आधी शिकलेला हा माणूस. मोडणाऱ्याची अक्कल माहीत असल्याशिवाय मोडलेलं झटपट जोडता येत नाही, हे माझं घाटातलं मत. खालच्या पायरीपासून चढत गेले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. म्हणजे पुढे जे घडलं तेव्हा खांद्यावरचा तारा जेमतेम चार महिन्यांचा, पण हातातलं काम जवळजवळ आठ वर्षांचं. वय २९.

आता प्रसंग. काश्मीरचं पहिलं युद्ध चालू होतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये जम्मूकडचं राजौरी पाकिस्तानच्या बाजूच्या हल्लेखोरांच्या हाती पडलं आणि तिथं मोठी कत्तल झाली. पुढच्या फेब्रुवारीत नौशेरावरचा मोठा हल्ला ब्रिगेडिअर उस्मान यांच्या फौजेनं परतवला. नाईक जदुनाथ सिंग त्याच लढाईत पडले, तेही परमवीरचक्राचे मानकरी. १८ मार्चला झांगर परत घेतलं. मग एप्रिलमध्ये राजौरीकडे कूच करायचं ठरलं. वाट एकच, डोंगराच्या कडेनं सापासारखी वळत जाणारी, आणि ती शत्रूनं जागोजाग मोडून, झाडं आडवी टाकून, सुरुंग पेरून ठेवलेली. पायदळ डोंगरावरून जाईल हो, रणगाडे कुठून जाणार?

इथून पुढे माझं ऐकू नका, घड्याळाचं ऐका.

८ एप्रिल १९४८, सकाळी ११. सुरुंग काढायची तुकडी रणगाड्यांजवळ कामाची वाट बघत उभी आहे. एवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. तुकडीतले दोन जण जागीच गेले, पाच जखमी, त्या पाचांत स्वतः राणे. काम सुरू व्हायच्या आधीच. मी साइटवर अपघात पाहिलेत. एक माणूस गेला की त्या दिवशी गँगमधला कुणी पहारीला हात लावत नाही, आणि लावूही नये. राणेंनी उरलेली माणसं पुन्हा उभी केली आणि रणगाड्यांच्या सोबतीनं दिवसभर काम केलं. दुपारी साडेचारला डोग्रा पलटणीनं बरवाली टेकडी घेतली. आसपास शत्रू शिल्लक आहे हे माहीत असून राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहापर्यंत.

९ एप्रिल. सकाळी सहाला पुन्हा त्याच वळणरस्त्यावर. दुपारी तीनला तो तयार झाला. इथं थोडं थांबा, कारण भाषण लिहिणारा नेमका इथून उडी मारून पुढे जातो. आदल्या दिवशीचे साडेपाच तास आणि आजचे नऊ, म्हणजे एका वळणरस्त्याला साडेचौदा तास. मोटारीच्या वळणरस्त्याला मुरूम टाकून दाबला की भागतं. रणगाड्याखाली तो मुरूम दिसणारसुद्धा नाही. डोंगराची कड तासायची, भराव असा घालायचा की टनावारी लोखंड त्यावरून गेलं तरी तो दरीत सुटू नये. आणि हे सगळं समोरच्या टेकडीवरून दिसत असताना.

तीन वाजता सैन्य हललं. राणे सगळ्यांत पुढच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे हलक्या चिलखती गाडीत. अर्ध्या मैलावर पाईनची झाडं आडवी. उतरले, सुरुंग लावून झाडं उडवली, पुढे. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले. पुढे मोरीच उडवलेली. हात घालायच्या आत मशीनगन सुरू झाली. तरी बाजूनं वाट काढून गाड्या पलीकडे नेल्या. मग अडथळ्यामागून अडथळे, ते उडवत उडवत सव्वासहाला पाच मोठ्या झाडांपाशी. भोवती सुरुंग, वर मशीनगनची नजर.

आमच्याकडे पावसाळ्यात घाटात एक ऐनाचं झाड आडवं पडलं तर काय होतं सांगतो. फोन येतो. मुकादम गँग जमवतो. फांद्या तोडायच्या, मग बुंध्याला करवत, मग दोर बांधून ओढायचं. तोवर दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, कुणी चहा घेऊन येतं, कुणी फुकटचे सल्ले घेऊन. दिवसाढवळ्या, गोळ्या न खाता, तीन-चार तास सहज जातात. मोरी वाहून गेली तर बाजूनं नळे टाकून तात्पुरती वाट करायला आम्हाला दोन दिवस लागत, आणि दोन दिवसांत झालं म्हणून साहेब खूश व्हायचा. राणेंनी पाच ते सव्वासहा या सव्वा तासात उडवलेली मोरी आणि पुढचे कितीतरी अडथळे मागे टाकले. हा आकडा पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तेव्हा मी पुन्हा वर जाऊन वेळा तपासल्या. छापायची चूक वाटली होती.

त्या पाच झाडांभोवतीचे सुरुंग राणे काढायला बसले. अंधार पडत होता. आता यापुढे जाणं शहाणपणाचं नाही हे रणगाड्यांच्या सेनापतीनं ओळखलं आणि सैन्य आडोशाला नेलं. मला हे फार आवडतं. राणेंना थांबवावं लागलं, आणि थांबवणारा माणूसही आपलं काम जाणणारा होता. भाषणात हा सेनापती कधीच येत नाही. त्याला आणा.

१० एप्रिल, पहाटे पावणेपाच. तीच पाच झाडं, तेच सुरुंग, तीच मशीनगन. रणगाड्यांची एक तुकडी आधाराला. साडेसहाला झाडं बाजूला. पुढचे एक हजार यार्ड नुसते अडथळे आणि उडवलेले भराव, सगळा पट्टा माऱ्याखाली. साडेदहाला तेही मोकळं. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. (चिंगसला मुघलांची जुनी सराई आहे. काश्मीरहून परतताना १६२७ मध्ये जहांगीर वारला, तेव्हा त्याची आतडी तिथं पुरली असं सांगतात. रस्त्यातली गावं कशाकशासाठी लक्षात राहतात बघा.)

रणगाडे पोचले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झालं आपलं. पण रणगाड्यांमागून येणारा धान्य, दारूगोळा, पेट्रोल, औषधांचा ताफा नदीच्या पात्रातून जाऊ शकत नव्हता. त्याला रस्ता लागतो. राणे मागे राहून रस्ता साफ करत बसले. विश्रांती नाही, अन्न नाही, रात्री नऊपर्यंत. हे शब्द माझे नाहीत, सन्मानपत्रात तसंच आहे. माझ्या हिशेबी त्यांचं सगळ्यांत मोठं काम हे, ज्याला बघायला कुणी नव्हतं. पुढारी जाईपर्यंत रस्ता करणारे मी पुष्कळ पाहिलेत. मागून येणाऱ्या ट्रकसाठी थांबणारे बोटावर मोजण्याइतके.

११ एप्रिल. सकाळी सहाला सुरुवात, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. रात्री दहापर्यंत पुढच्या रस्त्यावर. १२ तारखेला फौज राजौरीत पोचली. राजौरीकर अजून १३ एप्रिलला राजौरी दिन पाळतात. चिंगस आणि राजौरीतल्या अनेक नागरिकांचे जीव वाचले, अशी नोंद आहे.

सवय जात नाही, म्हणून मी चारही दिवसांच्या वेळा मांडून बेरीज केली. साडेपंचावन्न तास निघतात, जखमी माणसाचे. दहा तारखेचेच सव्वासोळा.

आता एक आपल्या भाषेची गंमत, जी भाषणात घातलीत तर पोरांना आयुष्यभर लक्षात राहील. आम्ही रस्तेवाले कातळ फोडायला लावतो तो सुरुंग. शत्रू रस्त्यात पुरून ठेवतो तोही सुरुंग. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द. राणे एका हातानं दुसऱ्याचा सुरुंग काढत होते आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा लावून झाडं उडवत होते. पेरलेला सुरुंग काढायचा म्हणजे पोटावर पडून, संगिनीचं टोक तिरकं धरून, इंचाइंचानं माती चाचपायची. सरळ उभं टोचलं तर वरच दाब पडणार. टोक कशाला तरी लागलं की थांबायचं, मग बोटांनी कडेची माती बाजूला करायची, घाई नाही. आणि ही घाई न करणं, मशीनगन चालू असताना. "वाघासारखे तुटून पडले" म्हणता, वाघाला हे काम द्या बघू. इथं लागतो सोनाराचा हात.

सॅपर मंडळींत एक गोष्ट सांगितली जाते, की राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखालून, त्याच्याच चालीनं सरपटत सुरुंग काढत गेले, आणि चालकाला थांब-चल कळावं म्हणून दोन दोऱ्या ठेवल्या होत्या. मी सांगितलेल्या घड्याळात ती नाही. भाषणात घालायची तर खुशाल घाला, फक्त "असं सांगतात" हे दोन शब्द पुढे जोडा. मुलांना तेवढा फरक कळतो, मोठ्यांनाच कळत नाही.

आणि हे काही जगावेगळं नाही, हे काम करणाऱ्यांची एक परंपराच आहे. मराठ्यांच्या फौजेबरोबर बेलदार असायचे, तोफांना वाट करून द्यायला. बखरीत सरदार येतात, बेलदार येत नाहीत. राणेंच्याच बॉम्बे सॅपर्समधले प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१च्या सुरुवातीला, आफ्रिकेतल्या आघाडीवर, ९६ तासांत पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ करून घेतली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. म्हणजे दोन मोठी पदकं, दोन्ही एकाच घराण्याची, दोन्ही रस्ता मोकळा करण्यासाठी. खडकीच्या शाळेतल्या पोरांना तरी हे माहीत असायला हवं.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू केलं. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. माहेरच्या युरोपियन, सासरच्या मराठी, आणि आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा पुराणं जास्त वाचलेल्या. त्यांनी त्यावर इंद्राचं वज्र घेतलं, दधीचीनं आपली हाडं दिली त्यातून घडलेलं. काश्मीरच्या त्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी दोघेच ते पदक स्वतःच्या छातीवर लावू शकले, राणे आणि करम सिंग. उरलेल्या तिघांचं घरच्यांनी घेतलं. राणे पुढे मेजर होऊन निवृत्त झाले, पुण्यातच राहिले, आणि ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये वारले. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांनी ज्या वर्षी पुण्यात बी.एड. केलं, त्या वर्षी हा माणूस त्याच गावात भाजी आणायला जात असेल. २०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणेंचं. त्याआधी एका तेलवाहू जहाजालाही त्यांचं नाव होतं. बेट झालं, जहाज झालं, पुतळा झाला. भाषणातला कागद तेवढा राहिलाय.

तेव्हा मागणं असं. पुढच्या वेळी राणेंवर लिहाल तेव्हा विशेषणं निम्मी करा आणि त्या जागी वेळा घाला. पहाटे पावणेपाच म्हणजे किती अंधार, हे सहावीतल्या मुलाला सांगावं लागत नाही. शाळेच्या मैदानावर हजार यार्ड मोजून दाखवा, ९१४ मीटर होतात, दोनशे मीटरच्या धावपट्टीच्या साडेचार फेऱ्या. सुरू व्हायच्या आधीच गेलेल्या त्या दोन सॅपर्सचा उल्लेख पहिल्या मिनिटात करा, शेवटी उरलेल्या वेळात नको. आणि परीक्षक मंडळींनो, "आवाजातील चढउतार" याला तुमच्या तक्त्यात दहा गुण असतात, ते पाचावर आणा. उरलेले पाच "माणूस काय काम करत होता हे कळलं का" याला द्या.

त्या मुलीला मी घरून वेळांचा कागद करून पाठवला होता. परवा तिच्या आईचा निरोप आला. पोरीनं वहीत चारही दिवसांचं वेळापत्रक आखलंय, शाळेच्या वेळापत्रकासारखं, तासांच्या चौकटी करून. एका चौकटीपाशी अडलीय. विचारते, दहा तारखेला मधली सुट्टी कधी झाली, ते जेवले कधी?

मी कळवलं, ती चौकट रिकामी ठेव.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता